पंधराव्या दिवशीचा कौल

लवू गुरव वाईट माणूस आहे असं कोणी म्हटलं असतं, तर सगळ्या नेरवण गावाने त्या बोलणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पन्नाशीला टेकलेला, शेवग्याच्या शेंगेसारखा वाळका, रवळनाथाची पूजा एक दिवस न चुकवलेला माणूस. कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण अशा माणसांचं एक असतं बघा. गावात काही वाकडं घडतं तेव्हा ते बरोबर शेजारीच उभे असतात, आणि मग जन्मभर म्हणत राहतात, मी कुठे काय केलं?

लवूला तेवढंही म्हणायची सोय राहिली नव्हती. त्याने केलं होतं, आणि तेही स्वतःच्या हाताने.

साल एकसष्ट, महिना माघ. तोवर नेरवणात पंचायत म्हणजे चार मानकऱ्यांनी देवळात बसून पान खाता खाता ठरवायची गोष्ट होती. या खेपेला नवा कायदा आला आणि त्याच्यासोबत चिठ्ठ्या, शिक्के, कुलपाची पेटी असा सगळा थाट आला. सात जागांपैकी सहा जागा तीन इकडे, तीन तिकडे अशा वाटल्या गेल्या. तीन वरच्या वाडीच्या आणि तीन गाबीतवाड्याच्या, म्हणजे समुद्राकाठच्या मच्छीमार वस्तीच्या. सातवी जागा मधल्या वॉर्डाची, तिथे दोन्हीकडची घरं. आणि त्या सातव्या जागेवर एक विहीर अडकली होती.

गावाला सरकारकडून नवी विहीर मंजूर झाली होती, ती कुठे खणायची ते पंचायत ठरवणार होती. गाबीतवाड्यातली जुनी विहीर शिमगा सरला की मचूळ व्हायची. मग पावसापर्यंत तिथल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन अर्धा कोस चढून गुरुदास गावकराच्या बागेतल्या झऱ्यावर यायच्या, आणि त्याचे गडी म्हणतील तेव्हाच पाणी भरायच्या. गुरुदास गावकर हा देवळाचा पहिला मानकरी, गाव त्याला आबा म्हणे. आबाला विहीर वर हवी होती, आपल्या सुपारीच्या बागेला लागून. म्हणून सातव्या जागेला तो स्वतः उभा राहिला. निशाणी छत्री. त्याच्या समोर उभा राहिला सत्यवान तांडेल, तिशीतला, स्वतःची होडी असलेला, कमी बोलणारा. निशाणी शिडी.

मतमोजणी शाळेच्या पडवीत, भर दुपारी. दोन्ही उमेदवारांचा एकेक माणूस टेबलापाशी बसायचा होता. आबाने लवूला बसवलं.

"तू बस," आबा म्हणाला. "तू देवाचो माणूस. तुझ्यार कोण वहिम घेवचो नाय."

लवूचं घर देवस्थानच्या जमिनीवर, त्याच्या दारचे अकरा माड देवस्थानचे, आणि देवस्थानात शब्द चाले आबाचा. लवू बसला.

तालुक्याहून आलेले साहेब चिठ्ठ्या उलगडत होते आणि दहा-दहांच्या गड्ड्या सुतळीने बांधून दोन ढीग लावत होते. दुपार कलली तसा समुद्रावरचा वारा सुटला. पडवीला ना दार ना तट्टी. सुट्ट्या चिठ्ठ्या अंगणात उडाल्या, दोन-चार गड्ड्या टेबलावरून खाली गेल्या. "धरा, धरा" म्हणत साहेब उठले. सत्यवानाचा माणूस, त्याचा चुलतभाऊ बाबू, अंगणात चिठ्ठ्यांमागे धावला. लवू बाकाखाली वाकला, हाताला लागलेली गड्डी उचलली आणि समोरच्या ढिगावर ठेवली. तो ढीग छत्रीचा होता. ठेवल्यावर वरच्या चिठ्ठीचा कोपरा वाऱ्याने उलटला आणि शिक्क्याखाली शिडीच्या पायऱ्या दिसल्या.

लवूने बघितलं. यात शंका ठेवायला जागाच नाही, त्याने स्वच्छ बघितलं. त्याचा हात अर्ध्यावर गेलासुद्धा. तेवढ्यात त्याने मान वर केली तर पडवीच्या खांबाला टेकून आबा त्याच्याकडेच बघत होता. आबाला काही कळलं नव्हतं, तो नुसता बघत होता. पण लवूचा हात परत मांडीवर आला. साहेबांना खाडीवरची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, गाठायची होती. त्यांनी गड्ड्या मोजल्या, सुट्ट्या चिठ्ठ्या मोजल्या आणि वाचून दाखवलं. छत्री सत्त्याण्णव, शिडी त्र्याऐंशी. कागदावर सही झाली. ती दहा मतं इकडची तिकडे झाली नसती, तर सत्यवान सहा मतांनी आला असता. हा हिशेब गावात एकट्या लवूला ठाऊक होता.

सत्यवान भांडला नाही. शाळेच्या गुरुजींकडे गेला. गुरुजी कुडाळकडचे, कायद्याची चोपडी वाचणारे.

"नव्वद घट्ट मता आसत गुरुजी माझी. घरोघर जावन मोजलंय. सात खंय गेली?"

गुरुजींनी चोपडी काढली आणि त्यांच्या शुद्ध भाषेत सांगितलं, "हे बघ सत्यवान. निकाल मंगळवारी जाहीर झाला. तिथून पंधरा दिवसांत मालवणच्या कोर्टात अर्ज पडला पाहिजे. म्हणजे दोन आठवड्यांनी येणाऱ्या बुधवारपर्यंत. जज्जसाहेबांना पटलं तर ते पेटी मागवून सगळी मतं पुन्हा हाताने मोजतील. पण सोळाव्या दिवशी गेलास तर ब्रह्मदेवाचं पत्र घेऊन गेलास तरी कोणी विचारणार नाही."

अर्ज गुरुजींनी तिथेच लिहून दिला. सत्यवानाने तो मेणकापडात गुंडाळला. दुसरा कोणी असता तर त्याच दिवशी खाडी उतरून मालवण गाठलं असतं. पण हा पडला तांडेलांच्या घरचा. त्या घरात देवाला विचारल्याशिवाय होडीला रंगसुद्धा लागत नव्हता.

त्याला कारण सत्यवानाची आई, हौसाबाई. चोवीस वर्षांमागे तिचा नवरा शंकर तांडेल नवी होडी पाण्यात घालायची म्हणून रवळनाथाला कौल लावायला आला होता. कौल लावायचा म्हणजे असं: देवाच्या पाषाणावर डावी-उजवीकडे पिटकुळीच्या फुलाची एकेक कळी पाण्याने चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको म्हणाला, कुठलीच पडली नाही तर देव गप्प. त्या दिवशी कळ्या लावल्या होत्या लवूच्या बापाने आणि लोटा धरून शेजारी उभा होता जवान लवू. उजवी पडली. शंकर गेला. तिसऱ्या दिवशी होडी परत आली, शंकर आला नाही. हौसाबाईने समुद्राला शिव्या दिल्या नाहीत, होडी फोडली नाही. ती म्हणायची, देवान व्हय म्हणान नेलो, माझा काय गेला, तेचोच होतो. या एका वाक्यावर तिने पोरं वाढवली. कौलाशिवाय काही करायचं नाही ही शपथ तिनेच मुलाला घातली होती.

तर शुक्रवारी सत्यवान आईला घेऊन देवळात आला.

"काका, कोर्टात जावचा की नको, देवाक इचारूक व्हया."

लवूने कळ्या घेतल्या, बोट पाण्यात बुडवलं. बापाने शिकवलं होतं, पाणी बेताने लाव. कमी लावलंस तर वाऱ्याने पडेल, जास्त लावलंस तर देव उतरला तरी सुटायची नाही. आणखीही एक शिकवलं होतं, पण ते फक्त एकदाच, दार लावून: गाव मोडूक येता तेव्हा गुरवाच्या बोटाक अक्कल होयी.

लवूच्या बोटाला अक्कल आली. त्याने बोट दोनदा बुडवलं, पाषाण चांगला निथळेपर्यंत ओला केला आणि कळ्या दाबून बसवल्या. मग गाऱ्हाणं घातलं. घटका गेली, दोन घटका गेल्या. माणसं उभी. कळ्या जशाच्या तशा.

"देव गप आसा," लवू म्हणाला. "सोमवारी ये."

खोटं बोलायला माणसाला तोंड लागतं म्हणतात. लवूचं बोटच बोललं होतं आणि तोंडाने फक्त री ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको सुगंधा देवळात झाडू मारायला गेली तेव्हा कळ्या अजून पाषाणाला चिकटलेल्या.

"किती पाणी लावलेलंस?" तिने विचारलं.

"तुका काय करूचा आसा?" तो खेकसला. तेहतीस वर्षांच्या संसारात तो तिच्यावर खेकसलेला नव्हता.

सोमवारी तेच झालं. देव गप्प. हौसाबाई पाषाणाकडे बघत हात जोडून उभी होती, आणि लवूला वाटलं की ही बाई आता आपल्या बोटाकडे बघेल. तिने बघितलं नाही. तिच्या मनातही असलं काही येणं शक्य नव्हतं. सत्यवानाने विचारलं, उद्या लावू काय? लवू म्हणाला, कौल रोज मागूचो नाय, देव रागावता, फुडच्या सोमवारी ये. हा नियम खरा होता. खऱ्या नियमाच्या आड लपायला बरं पडतं.

घरी सुगंधाने भाताचं पान वाढलं आणि समोर बसली.

"देव गप नाय," ती म्हणाली. "तू गप आसस."

लवूने पान अर्धं टाकलं आणि उठला. त्याला अन्न गोड लागेनासं झालं होतं. देवळात निरांजन लावताना तो मनात दिवस मोजायचा: सात झाले, आठ झाले, नऊ झाले. आधी वाटायचं, लवकर सरू देत एकदा. दहाव्या दिवसानंतर वाटायला लागलं, अजून पाच आहेत, अजून चार आहेत, अजून सांगता येईल. सांगत मात्र नव्हता. माणसाची जीभ म्हणजे काय भिकारडी वस्तू आहे ते त्याला त्या दिवसांत कळलं.

तेराव्या दिवशी, तिसऱ्या खेपेला, त्याने ठरवलं होतं की पाणी बेताचं लावायचं, मग देव काय करील ते करो. पण त्या सोमवारी आबा सकाळपासूनच सभामंडपात येऊन बसला होता.

"देवाक घाई करू नको हां, लवू," सुपारी कातरत तो सहज म्हणाला. "बुधवार गेलो काय गाव शांत."

आबाला गड्डीचं ठाऊक नव्हतं, पण मुदतीचं पक्कं ठाऊक होतं. लवूचं बोट पुन्हा दोनदा पाण्यात गेलं.

मंगळवारी सकाळी चढणीवर त्याला जानकी भेटली, सत्यवानाची बायको. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. यंदा विहीर माघातच मचूळ झाली होती. ती बाजूला होऊन थांबली. डोक्यावर ओझं असतानाही तिने त्याला वाट दिली, देवाचा माणूस म्हणून.

"काका," ती म्हणाली, "देव आमच्यार रागावलो आसा काय? तीन वेळा इचारला, बोलणा नाय. आमचा काय चुकला ता तरी सांगा. हेंच्या आवशीन दोन दिस पेज घेवक नाय."

लवू काय सांगणार? कपाळ? तो "बघतंय, बघतंय" असं काहीतरी पुटपुटला आणि चालायला लागला. त्या दिवशी त्याने पूजा केली, पण पाषाणाकडे वर डोळा करून बघवेना. आपण देवाचं तोंड दाबून धरलं आहे, आणि या बाया आपल्यातच खोट शोधतायत, हे त्याच्या उरात काट्यासारखं सलत राहिलं.

बुधवारी, पंधराव्या दिवशी, तो उजाडताच गाबीतवाड्यात गेला. सत्यवान घरी नव्हता. देव बोलत नाही म्हणून पोट थोडंच थांबतं? तो होडी घेऊन पहाटेच समुद्रावर गेला होता. लवू वाळूत ओंडक्यावर बसून राहिला. गुरुजींना जाऊन सांगावं, हौसाबाईला सांगावं, असं शंभरदा मनात आलं. पण सांगायचं म्हणजे गड्डीचं सांगायचं, कळ्यांचं सांगायचं. त्यापेक्षा कौल देऊन टाकावा, देवाने हो म्हणावं, सत्यवानाने अर्ज द्यावा, जज्जाने मोजावं आणि आपलं नाव कुठेच येऊ नये. चोराला असंच वाटतं, की माल आपोआप मालकाच्या घरी जावा.

होडी लागली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"चल," लवू म्हणाला. "आज कौल लावतंय."

"पण सोमवारीच तर लावलो, काका."

"मी सांगतंय मां? चल."

देवळात दोघेच होते. या खेपेला लवूने बोट एकदाच बुडवलं, झटकलं, बापाने शिकवलं तसं बेताचं पाणी लावलं. गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं, उजवी कळी टपकन खाली पडली. सत्यवानाने पायरीवर डोकं टेकलं. उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो घरी धावला, मेणकापडातला अर्ज घेतला आणि खाडीच्या वाटेला लागला. लवूही त्याच्यामागे.

"तुमी कित्याक उन्हात, काका?"

"येतंय," लवू म्हणाला.

खाडीला सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. तरीची होडी पलीकडे चिखलात रुतलेली, ती चालवणारा तारी झाडाखाली बसलेला. पाणी चढेपर्यंत थांबणं आलं. सत्यवानाने भाकरीचा अर्धा तुकडा लवूच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "माझो बापूस आसतो तर आज असोच वांगडा इलो आसतो." लवूने तो तुकडा धोतराच्या सोग्यात बांधला.

मालवणात शिरले तेव्हा दिवे लागत होते. कोर्टाच्या फाटकाला कुलूप. सत्यवानाने कुलूप हातात धरून बघितलं, जणू चुकून उघडं राहिलं असेल. रात्र ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर काढली. सकाळी फाटक उघडताच सत्यवान कारकुनाच्या टेबलापुढे उभा राहिला. मध्यमवयाचे, चष्मा लावलेले गृहस्थ. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, निकालाची तारीख बघितली, भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून एकेक दिवस मोजला. मग पुन्हा मोजला, माणूस भला होता.

"काल यायला हवं होतं तुम्ही. काल पंधरावा दिवस होता."

"काल देवाचो कौल मिळालो, साहेब. तेच्या आदी देव गप होतो. तीन वेळा इचारला."

कारकून हसले नाहीत. चष्मा काढून पुसला. "मीही गावचाच आहे हो. आमच्याकडेही कौल लावतात. पण मुदतीतून कौलाचे दिवस वजा होत नाहीत. काल कोर्टाला सुट्टी असती तर आज घेता आला असता. सुट्टी नव्हती. द्यायचा तर द्या, पण साहेब पहिल्याच तारखेला काढून टाकतील." मग त्यांनी विचारलं, "अर्ज कधी लिहिलाय? हा तर निकालाच्या दुसऱ्या दिवशीचा दिसतोय."

"व्हय," सत्यवान म्हणाला. "तेरा-चवदा दिस घरातच होतो."

लवू दाराशी उभा होता. इथे, या टेबलापुढे, आत्ता बोललो तर? त्याचं तोंड उघडलं. पण समोर चष्मा, शाई, शिक्के, खाकीतला शिपाई. तोंड मिटलं. परतीच्या वाटेवर खाडी उतरल्यावर सत्यवान म्हणाला, "काका, तुमका फुकट तरास झालो. माफ करा."

ही माफी लवूला दगडासारखी लागली. तो घरी आला आणि चार दिवस अंथरुणाला पाठ लावून पडला. ताप नव्हता.

सोमवारी सत्यवान नारळ घेऊन देवळात आला. सोबत हौसाबाई, जानकी, बाबू, गाबीतवाड्यातली वीस-पंचवीस माणसं. सभामंडपात आबा होता, वरच्या वाडीची चार माणसं होती. सत्यवानाने नारळ पायरीवर ठेवला.

"काका, गाऱ्हाणा घाला. देव तीन वेळा गप रवलो, म्हणजे तेच्या मनात नव्हताच. मीच हट्ट केलंय. मोजणेर वहिम घेतलंय, आबांर वहिम घेतलंय. ता माझ्याकडसून चुकला. देवाकडे माफी मागा माझ्यासाठी."

आबाने मोठेपणाने मान हलवली. "होता तसा. चुकता माणूस."

गाऱ्हाण्याची रीत अशी, की गुरव बोलतो आणि दर वाक्याला मागची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. काय बोलला ते कोणी फारसं ऐकत नाही. लहानपणापासून तोंडात बसलेलं, आपोआप निघतं. लवूने हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा. आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत."

"व्हय म्हाराजा," मंडळी म्हणाली.

"हो सत्यवान तांडेल तुझ्याकडे माफी मागता."

"व्हय म्हाराजा."

लवू थांबला. पुढचं वाक्य त्याला पाठ होतं: तेच्याकडसून जी चूक झाली ती पोटात घाल. ते ओठांवर आलं, आणि ओठ ते सोडेनात. निष्पाप माणसाच्या नावाने, चोराने, देवापुढे माफी मागायची? इतका नीचपणा त्याला जमला नाही. जमवायचा त्याने प्रयत्न केला, पण नाही जमला.

"तेची चूक नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"शिडीची धा मता मी छत्रीच्या ढिगार ठेवलंय. ह्या हातान. मागसून बघलंय, नि गप रवलंय."

"व्हय म्हाराजा," मंडळी सवयीने म्हणाली. मग मागून एकेक आवाज तुटत गेला.

"तुझो कौल मी दाबून धरलंय. कळयेक पाणी जास्त लावलंय. तीन वेळा. तू गप नव्हतंस, देवा. मी तुका गप केलंय."

या खेपेला कोणीच काही म्हणालं नाही. आबा उठला. "लवूक बरा नाय," तो म्हणाला, "ताप डोक्यात गेलो आसा तेच्या." पण तो कोणाकडे न बघता चपला शोधायला लागला, आणि त्याला त्या चटकन सापडल्या नाहीत.

बाबू पुढे झाला, मुठी वळून. सत्यवानाने त्याला हाताने मागे सारलं.

"काका, बुधवारी पडली ती? तिका पाणी किती लावलेलंस?"

"बेताचा. जेवढा लावूक व्हया तेवढाच."

सत्यवान पाषाणाकडे वळला. "मगे देव पयल्या दिवसापासून व्हयच म्हणा होतो," तो हळू म्हणाला. "नि माझो अर्ज मेणकापडात."

"आता मी येतंय तुझ्या वांगडा," लवू म्हणाला. "कोर्टात सांगतंय सगळा. गुरुजींका सांगतंय."

"आज इसावो दिस, काका."

एवढंच बोलून सत्यवान वाकला, न फोडलेला नारळ उचलला आणि बाहेर पडला. त्याच्यामागे बाबू, त्याच्यामागे जानकी, सगळा गाबीतवाडा. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर लवूला हायसं वाटलं असतं.

हौसाबाई तेवढी मागे राहिली. ती चालत लवूच्या अगदी समोर आली. इतक्या वर्षांत ती त्याच्या इतक्या जवळ कधी आली नव्हती. तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे नव्हतं. ती त्याच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होती.

"लवू," ती म्हणाली, "चोवीस वर्सांमागे तुझ्या बापाशीन माझ्या घोवाक कौल दिल्लो. उजवी पडलेली. तू लोटो घेवन हयसरच उभो होतंस."

"व्हय."

"ती तरी आपसूक पडलेली मां?"

लवूला बापाचं बोट आठवलं. ते किती ओलं होतं, उजव्या कळीला किती पाणी लागलं होतं आणि डावीला किती, हे आठवायचा त्याने जीव तोडून प्रयत्न केला. आठवेना. आठवत होता फक्त दार लावून सांगितलेला बोटाच्या अकलेचा तो शब्द.

"माका म्हायत नाय, हौसाबाय," तो म्हणाला.

ती कौलाला उभी राहायची तशी हात जोडून त्याच्यासमोर उभीच राहिली.